खाटेजवळचे संशोधन : प्रस्तावना

अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल कायद्याचे विद्यार्थी दयामरणाच्या प्रश्नासाठी वाचतात. परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी तो वेगळ्या कारणासाठी वाचावा. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका त्याच रुग्णालयात खाटेला खिळली. आधी तिच्या बरोबरीच्या परिचारिकांनी आणि त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्यांनी, २०१५ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत तिची शुश्रूषा केली. निकालापर्यंतच्या इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही, याची नोंद त्या निकालात आहे.

बेडसोअर शून्य. कोणत्याही गुणवत्ता-अहवालात हा आकडा शोभून दिसेल. पण तो शून्यावर कसा राहिला, हे आकडा सांगत नाही. जिने अरुणाला कधी चालता-बोलताना पाहिलेच नाही, अशा नव्या मुलीला ही जबाबदारी कोणी आणि कशी शिकवली? बोलता न येणाऱ्या रुग्णाला काय हवे-नको ते या स्त्रिया कशावरून ओळखत होत्या? दयामरणाच्या याचिकेला त्यांनी विरोध केला, आणि न्यायालयानेही तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्ताचे नाते नसताना त्या ‘आमची अरुणा’ म्हणण्यापर्यंत कशा पोचल्या? दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद तक्त्यात सापडते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे मिळवायची तर त्या वॉर्डात बसावे लागते, विचारावे लागते, ऐकावे लागते. ऐकलेले तपासून घ्यावे लागते आणि मग ते दुसऱ्याला पडताळता येईल अशा रीतीने मांडावे लागते. हे सगळे शिस्तीने करण्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. हा ग्रंथ त्या शिस्तीविषयी आहे.

‘शिस्त’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो आहे. वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या कोणत्याही परिसेविकेकडे रुग्णांविषयीचे ज्ञान भरपूर असते. ओव्हर देताना ती सहज म्हणते, “सात नंबरवर लक्ष ठेव, सगळे पॅरामीटर नॉर्मल आहेत, पण मला बरा वाटत नाहीये.” अनेकदा पहाटे तिचेच खरे ठरते. या ज्ञानाचा आदर करावा तेवढा थोडाच. मात्र तिला जे वाटले ते तिच्याबरोबरच निवृत्त होते. पॅट्रिशिया बेनर यांनी अमेरिकेतल्या परिचारिकांकडून नेमके असे प्रसंग तपशिलाने सांगवून घेतले, काहींचे काम प्रत्यक्ष पाहिले, आणि १९८४ साली ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक लिहिले. नवशिकी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते. जाणती परिचारिका संपूर्ण परिस्थिती एका नजरेत वाचते. आणि मधले टप्पे ओळखता येतात, हे त्यांनी दाखवले. ड्रायफस बंधूंनी कौशल्यसंपादनाचा जो आराखडा मांडला होता, त्याला बेनर यांनी वॉर्डातल्या अनुभवांचे अंग दिले. ‘अंतःप्रेरणा’ म्हणून बाजूला सारलेली गोष्ट त्यामुळे अभ्यासक्रमात आली.

आपल्याकडे काय चालते? कुठल्याही परिचर्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पदव्युत्तर प्रबंधांचे कपाट उघडून पाहावे. अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता, तमुक गावातल्या मातांमध्ये. पूर्वचाचणी, एक तास व्याख्यान, उत्तरचाचणी. ज्ञान वाढले, फरक लक्षणीय. विषय बदलतो, गाव बदलते, निष्कर्ष बदलत नाही. ताजे व्याख्यान ऐकलेल्या माणसाला आठव्या दिवशी थोडे जास्त गुण मिळतात, हे सिद्ध करायला आपण पिढ्यान्‌पिढ्यांची बुद्धी खर्चली. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुदत कमी, मार्गदर्शक व्यग्र, आणि संख्याशास्त्रज्ञाचा दूरध्वनी क्रमांक मात्र प्रत्येक वर्गात उपलब्ध. शिवाय गुणात्मक संशोधन म्हणजे आकडेमोडीतून सुटका, अशी समजूत घेऊन इकडे वळणारेही असतात. त्यांचे स्वागत आहे, पण पहिल्याच शब्दांकनाला बसल्यावर त्यांची समजूत दूर होईल.

आकड्यांशी या पद्धतीचे वैर नाही. दोघांचे नाते समजायला मला प्रसूतिगृहाचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातली ३८.७ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थेत होत होती. २०१५-१६ मध्ये ती ७८.९ टक्क्यांवर गेली आणि २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४.७ टक्के झाले. पंधरा वर्षांत एवढी मजल मारणे हे थोर काम आहे, आणि त्यात एएनएम व आशा कार्यकर्त्यांचा घाम आहे. पण बाई दवाखान्याच्या दारात पोचली की या आकड्याचे काम संपते. आत टेबलावर तिच्याशी कोण कसे बोलले, पडदा होता का, तपासण्याआधी तिला विचारले का, ओरडली म्हणून तिला टोमणे मारले का, यांपैकी काहीही त्यात मावत नाही. तरी दुसऱ्या खेपेला ‘नको गं बाई तो दवाखाना’ म्हणणारी स्त्री ज्या कारणाने तसे म्हणते, ते कारण इथेच असते.

मेगन बोहरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ३४ देशांमधले ६५ अभ्यास एकत्र वाचले. त्यांतले बहुतेक गुणात्मक होते. त्यातून प्रसूतीच्या वेळच्या गैरवागणुकीचे सात प्रकार त्यांनी वेगळे काढले. मारहाण आणि शिवीगाळ तर त्यात आहेच, पण भेदभाव, संवादाचा अभाव, आणि ज्यात कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही अशी यंत्रणेची दुरवस्थाही आहे. असे वर्गीकरण आधी हातात असेल, तरच गैरवागणूक किती होते ते मोजता येते. काय मोजायचे, हे ठाऊक नसलेला मोजणारा काय मोजणार? पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिकाळातल्या काळजीविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांच्या शीर्षकातच ‘बाळंतपणाचा सकारात्मक अनुभव’ हे उद्दिष्ट आले. स्त्रियांना बाळंतपणात काय महत्त्वाचे वाटते, याविषयीचे गुणात्मक पुरावे त्या शिफारशींच्या पायाशी होते. आपल्या देशातही २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेला जागा मिळाली.

या उदाहरणात एक अडचणीची गोष्ट आहे, ती झाकून चालणार नाही. टेबलाशेजारी उभी राहून ओरडणारी व्यक्ती पुष्कळदा परिचारिकाच असते. परिचारिकेने केलेले संशोधन परिचारिकांविरुद्ध बोलू लागले तर काय करायचे? ते तसेच लिहायचे. आपल्या व्यवसायाचे स्तोत्र गाण्यासाठी ही पद्धत वापरली की ती त्याच क्षणी निरुपयोगी होते. मात्र त्याच प्रसूतिगृहातल्या परिचारिकेशी ड्यूटी संपल्यावर मोकळेपणी बोलले, तर दुसरी बाजू ऐकू येते. एकाच वेळी कळा देणाऱ्या तीन बाया, मदतीला एक मावशी, बाळ दगावले तर पहिली चौकशी तिचीच, आणि ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही ही तिच्या वरिष्ठांनी तिला दिलेली शिकवण. ही बाजू म्हणजे समर्थन नव्हे, पण गैरवागणूक थांबवायची असेल तर उपाय कुठे करायचा हे त्यावरूनच कळेल.

व्यवस्थेचे असे आतले रूप दाखवणारा एक जुना अभ्यास इंग्लंडमधला आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषिकेला लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयाने सल्ल्यासाठी बोलावले. तिथल्या सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. मेन्झीस यांना असे दिसले की, रुग्णाचे दुःख आणि मृत्यू यांच्या भयापासून वाचण्यासाठी संपूर्ण रुग्णालयाने कामाची एक चौकट रचली आहे. एका मुलीने एकाच रुग्णाची पूर्ण काळजी घ्यायची नाही. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची भांडी द्यायची. रुग्णाचा उल्लेख नावाने न करता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने करायचा. भीती कमी व्हावी म्हणून रचलेली ही चौकट प्रत्यक्षात कामातले समाधानच काढून घेत होती, आणि सोडून जाणाऱ्यांत समंजस मुलीही होत्या. ‘बारा नंबरचे अपेंडिक्स’ असे आपल्याकडे आजही कानावर पडते. ते ऐकून केवळ संस्कारांचा अभाव असा शेरा मारण्याआधी हा अभ्यास वाचावा.

परिचर्या आणि गुणात्मक पद्धती यांची गाठ मात्र खऱ्या अर्थाने सॅन फ्रान्सिस्कोत पडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या परिचर्या विद्यालयाने १९६० साली अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञाला बोलावून घेतले. पुढे बार्नी ग्लेझर आणि जीन क्विंट त्यांना येऊन मिळाले. क्विंट स्वतः परिचारिका होत्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रियांच्या अनुभवांवर त्यांनी आधी काम केले होते. या मंडळींनी परिसरातल्या सहा रुग्णालयांमध्ये, माणसे कशी मरतात आणि त्यांच्याभोवतीचे लोक तेव्हा कसे वागतात, ते पाहिले. १९६५ च्या ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’मध्ये त्यांनी चार स्थिती मांडल्या. रुग्णाला काहीच ठाऊक नाही; रुग्णाला संशय आहे; सगळ्यांना ठाऊक आहे पण सगळेच ठाऊक नसल्याचे सोंग करतात; आणि सगळे उघडपणे बोलतात. हे निष्कर्ष कसे काढले, असे लोक विचारू लागले, तेव्हा उत्तरादाखल १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरीचे पहिले पुस्तक आले. म्हणजे आज समाजशास्त्रापासून व्यवस्थापनापर्यंत सगळीकडे वापरली जाणारी ही पद्धत मरणासन्न रुग्णांच्या खाटांजवळ, परिचर्या विद्यालयाच्या आश्रयाने जन्मली. त्याच वर्षी क्विंट यांचे पुस्तकही आले. मृत्यूला सामोरे जायला विद्यार्थिनींना काय शिकवले जाते आणि काय शिकवले जात नाही, हा त्याचा विषय. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांची नावे सर्वांना पाठ असतात, क्विंट यांचे नाव परिचर्येच्याही वर्गात क्वचित ऐकू येते. याचे मला दरवेळी आश्चर्य वाटते. आणि मग वाटत नाही.

त्या चार स्थितींतली सोंगाची स्थिती मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. “पेशंटला काही सांगू नका, सिस्टर” हे वाक्य ज्या परिचारिकेने ऐकलेले नाही, तिने कर्करोग विभागात काम केलेले नाही. पण इथेच सावध व्हायला हवे. अमेरिकन मांडणीत मुख्य पात्रे रुग्ण आणि कर्मचारी ही आहेत. आपल्याकडे निदान आधी थोरल्या मुलाला किंवा जावयाला कळते, काय सांगायचे ते घरातली मंडळी ठरवतात, आणि रुग्ण पुष्कळदा सगळे ओळखून मुलांसाठी गप्प राहतो. म्हणजे सोंगाचा सूत्रधारच वेगळा. या चार स्थिती आपल्या वॉर्डावर छापासारख्या मारून ‘आढळले’ असे लिहिले, तर ग्राउंडेड थिअरीच्या नावाखाली तिच्या नेमके उलट काम होते. सिद्धान्त माहितीतून वर यायला हवा, हाच तर तिचा आग्रह होता.

या पद्धतींचे दुसरे मोठे घराणे मॅडलिन लायनिंगर यांचे. १९५०च्या दशकात मुलांच्या मानसोपचार केंद्रात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, वेगवेगळ्या संस्कृतीतल्या मुलांना वेगवेगळ्या तऱ्हेची काळजी हवी असते, आणि आपल्या प्रशिक्षणात याचा उल्लेखही नाही. त्या मानववंशशास्त्राकडे वळल्या, न्यू गिनीच्या पूर्व डोंगराळ भागात गाडसुप लोकांमध्ये जाऊन राहिल्या, आणि परिचर्येसाठी एथ्नोग्राफीची स्वतंत्र वाट त्यांनी पाडली. १९८५ मध्ये त्यांनी परिचर्येतल्या गुणात्मक संशोधनपद्धतींवर संपादित केलेला ग्रंथ या विषयाच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक. त्यांची पारिभाषिक शब्दांची हौस दांडगी होती, आणि काही ठिकाणी ती वाचकाची परीक्षा पाहते. तरी ‘काळजी’ या गोष्टीचा अर्थ समाजासमाजात बदलतो, हा त्यांचा मुद्दा महाराष्ट्रात सिद्ध करायला फार लांब जावे लागत नाही. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा जो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, त्यातला ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचा आकडा जगभर गाजला. त्या स्त्रिया आपल्या शरीराविषयी काय बोलतात, कशाला आजार म्हणतात आणि कशाला बाईचा भोग म्हणून सोडून देतात, हे राणी बंग यांनी ज्या कानाने ऐकले, त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली.

फिनॉमिनॉलॉजीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यासाठी दोन प्रकरणे राखली आहेत. एखादा अनुभव जगणाऱ्याला तो कसा प्रतीत होतो, हा तिचा प्रश्न. हुसर्ल यांनी स्वतःच्या गृहीतकांना कंसात ठेवायला सांगितले. हायडेगर यांचे म्हणणे असे की, जगात रुतलेल्या माणसाला असा कंस घालताच येत नाही. परिचर्येतले अनेक अभ्यास दोघांचीही नावे एकाच परिच्छेदात घेऊन दोघांनाही मान्य न होणारे काहीतरी करतात. मायकेल क्रॉटी आणि जॉन पेली यांनी यावर कडक टीका केली आहे. ती वाचून घाबरू नये, पण ती न वाचता प्रबंधात ‘हुसर्लियन’ लिहूही नये. आपल्याला फक्त रुग्णांचे म्हणणे नीट, फारसा सिद्धान्त न लादता मांडायचे असेल, तर तसे सरळ सांगावे. मार्गारेट सँडलोव्स्की यांनी २००० साली अशा साध्या गुणात्मक वर्णनाची बाजू मांडली, तेव्हापासून यात कमीपणा वाटण्याचे कारण उरलेले नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न परीक्षक पहिल्यांदा विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. “आठ बायकांनी सांगितले म्हणून खरे कशावरून?” यावर चिडू नये. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये यासाठी चार कसोट्या दिल्या, त्यांचा सविस्तर विचार पुढे आहे. इथे एवढेच म्हणतो की, वाचकाला तुमच्या मागोमाग चालता आले पाहिजे. कोणाला निवडले, कोणी नकार दिला, कोणते वाक्य कोणत्या गटात का गेले, तुमच्या म्हणण्याला छेद देणारी मुलाखत कोणती, हे सगळे दिसायला हवे. किती मुलाखती पुरेत, याला ‘बारा’ हे तयार उत्तर देण्याची रीत पडली आहे. तिचा उगम २००६ सालच्या एका अभ्यासात आहे. घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींत नवे मुद्दे बहुतांशी पहिल्या बारामध्येच येऊन गेले, असे गेस्ट आणि सहकाऱ्यांना आढळले. त्या स्त्रिया एकमेकींसारख्या होत्या आणि प्रश्न ठरीव होते. हा संदर्भ गळून पडला आणि आकडा तेवढा उरला. गुणात्मक संशोधकांनीच एका आकड्याची पूजा मांडावी, ही गंमत आहे.

मुलाखतीच्या तंत्रावर मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पहिली गुरू मानतो. त्यांची कीर्ती आकडेवारीची, पण ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाच्या निरीक्षणावर जे प्रकरण आहे, त्यात उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांवर त्या तुटून पडतात. रात्र बरी गेली का, असे विचारले तर उत्तरात काहीच हाती लागत नाही. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, असे विचारा, हा त्यांचा सल्ला. आपल्या वॉर्डात ही अडचण दुप्पट आहे. गणवेशातल्या परिचारिकेने “काही त्रास नाही ना, आजी?” म्हटले की आजी “सगळं छान आहे, सिस्टर” असेच म्हणणार. उद्या सुई तिच्याच हातून टोचून घ्यायची आहे. म्हणून ज्या वॉर्डात आपण ड्यूटी करतो तिथे मुलाखती घ्याव्यात का, घ्यायच्या तर गणवेश उतरवून, कुठे बसून, कोणत्या वेळी, याचा निर्णय आधी करावा आणि तो लिहून ठेवावा. सुनेच्या मुलाखतीत सासू उत्तरे देते. तिला बाहेर पाठवणे नेहमी शक्य नसते, आणि पाठवले तर घरी त्याची किंमत सुनेला मोजावी लागते. संमतिपत्र पुढे केले की माणसे बिचकतात, कारण दवाखान्यात सही मागितली म्हणजे ऑपरेशन, हे त्यांना पक्के ठाऊक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे अभ्यासावीतच, पण नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे समजू नये. एखाद्या तालुक्यात ‘पन्नाशीची, विधवा, मूत्रपिंडाचा आजार असलेली अंगणवाडी सेविका’ एकच असू शकते आणि तिला सगळे ओळखतात.

भाषेचेही तसेच. मुलाखत अहिराणीत किंवा मालवणीत होते, शब्दांकन प्रमाण मराठीत, प्रबंध इंग्रजीत. प्रत्येक पायरीवर काही सांडते. निदान कोडिंग तरी मुलाखतीच्याच भाषेत करावे आणि इंग्रजी फक्त शेवटी यावी, असा माझा आग्रह आहे. माडियासारख्या भाषेत दुभाष्या लागत असेल, तर त्याला विश्लेषणाच्या बैठकीत बसवावे आणि प्रबंधात त्याच्या कामाची नोंद करावी.

गुणात्मक संशोधनाला वैद्यकातली मोठी नियतकालिके जागा देत नाहीत, ही तक्रार खरी आहे. २०१६ मध्ये ११ देशांतल्या ७६ अभ्यासकांनी ‘बीएमजे’च्या संपादकांना याविषयी खुले पत्र लिहिले. तरी १९९१ पासून जॅनिस मोर्स यांनी चालवलेल्या ‘क्वालिटेटिव्ह हेल्थ रिसर्च’सारखी नियतकालिके आहेत, आणि मराठीत लिहायला तर कोणाची परवानगी लागत नाही. विषय पडून आहेत. स्त्री-वॉर्डात नेमणूक झालेला पुरुष अधिपरिचारक. केरळातून येऊन मराठी शिकत काम करणारी मुलगी. कोविडच्या लाटेत मृतदेह बांधणारे मामा आणि मावशी. सलग रात्रपाळीनंतर घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी परिचारिका. यांच्याविषयी आपल्याकडे किस्से खूप आहेत, अभ्यास फार थोडे.

हे पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचण्याची गरज नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून, म्हणजे प्रश्न कसा घडवावा इथपासून सुरुवात करावी आणि तत्त्वज्ञानाची प्रकरणे नंतर घ्यावीत. विश्लेषणाच्या प्रकरणाआधी मात्र ओळखीच्या एखाद्या व्यक्तीची, तिच्या संमतीने, अर्ध्या तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून तिचे शब्दांकन स्वतः करावे. ‘हं’, ‘म्हणजे’ आणि मधल्या शांततेसकट. अर्ध्या तासाला तीन तास सहज लागतील. मग शब्दांकनात आपल्या स्वतःच्या वाक्यांखाली रेघा ओढाव्यात आणि समोरची व्यक्ती बोलत असताना आपण तिला किती वेळा तोडले, ते मोजावे.